खंडेनवमीला कित्तूर, दसऱ्याला रामदुर्ग

"तीन दिवस तेवढा पाऊस नको येऊ दे बाबा," म्हणता म्हणता मावशी थांबल्या. हातातली हिरव्या बांगड्यांची जुडी खाली ठेवून त्यांनी दोन्ही गालांवर बोटं टेकवली. "न्हाई, येऊ दे. खरं पंचवीसला रात्री येऊ दे. माल टेंपोत चढला की."

२३ ऑक्टोबर २०२३, खंडेनवमी. कित्तूर उत्सवाचा पहिला दिवस होता. मावशी नंदगडच्या. दरवर्षी किल्ल्याच्या वाटेवर दुकान मांडतात. माझ्या तोंडून मराठी ऐकलं आणि त्यांनी बसायला प्लास्टिकचा क्रेट पुढे सरकवला.

मी सकाळच्या बसनं बेळगावहून निघालो होतो. शक्ती योजनेत बायकांना प्रवास मोफत झाल्यापासून या मार्गावर सणावाराला उभं राहायलाही जागा मिळत नाही. हिरेबागेवाडी मागे पडली, एम. के. हुबळीजवळ मलप्रभेचा पूल आला आणि खिडकीतल्या सगळ्या बायका एकदम खाली बघायला लागल्या. ऑक्टोबरात नदी दोन्ही काठांनी दिसायला हवी. त्या दिवशी मधे वाळूची बेटं होती. कुणी काही बोललं नाही. एका आजीनं पाण्याकडे बघून हात जोडले आणि पदर तोंडाला लावला.

त्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं राज्यातल्या २३६ पैकी १९५ तालुके दुष्काळी जाहीर केले होते, त्यातले १६१ तीव्र दुष्काळाचे. म्हैसूरचा दसरा यंदा थाटामाटात करायचा की साधेपणानं, यावर वर्तमानपत्रांत रोज काहीतरी छापून येत होतं. बेळगावच्या आमच्या शहापुरातही तोच विषय. आमची पेठ मागावाल्यांची. कोरोनानंतर कितीतरी माग भंगारात गेले. त्यामुळे रोषणाईचे फोटो बघून लोक काय बोलतात ते मी घरात बसून ऐकतच होतो. पण जिथे सोहळा होतो तिथली माणसं दुष्काळातल्या या खर्चाबद्दल काय म्हणतात, ते ऐकावं म्हणून या वाटेला लागलो.

कित्तूरच्या किल्ल्यात वाड्याची जोती तेवढी उरली आहेत. दगडी न्हाणीघरं, पाण्याच्या टाक्या, पडक्या भिंती. एका भिंतीत ध्रुवतारा बघण्यासाठी केलेली नळी आहे. तिला डोळा लावायला शाळेची पोरं रांगेत उभी होती. दिवसा काही दिसत नाही हे माहीत असूनही प्रत्येकजण वाकून बघत होता. मीही बघितलं. निळ्या आभाळाचा रुपयाएवढा तुकडा, कोरडा ठणठणीत.

१८२४ साली याच तारखेला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या फौजेनं धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे याला इथे मारलं. गादीचा दत्तक वारस मंजूर नाही म्हणून त्यानं कित्तूरच्या खजिन्यावर हात टाकला होता. या लढाईची गोष्ट सांगताना दत्तकाचा मुद्दा सगळे सांगतात. मला त्या दिवशी खजिन्याचा मुद्दा जास्त जवळचा वाटला. गावाचा पैसा कुणाच्या हुकमानं कुठे जाणार, हा तो प्रश्न होता. डिसेंबरात किल्ला पडला, राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं आणि १८२९ मध्ये ती तिथेच गेली.

दुपारी बसस्टँडवर बैलहोंगलकडचे चारपाच शेतकरी भेटले. राणीच्या नावाची वीरज्योत बघायला आले होते. माझं कन्नड बाजारापुरतं, पण ते सांभाळून बोलत होते. उत्सव बंद करा असं त्यातल्या एकानंही म्हटलं नाही. उलट मी तसं विचारल्यावर एकाला राग आला. राणी आमची आहे, तिच्या नावाचा दिवा लागलाच पाहिजे, तो म्हणाला. मग जरा वेळानं, चहा संपवून, म्हणाला की सोयाबीन गेलं त्याचे पंचनामे कुठे अडकलेत तेवढं मंचावरून कुणी सांगितलं असतं, तर आम्ही जास्त जोरात टाळ्या वाजवल्या असत्या.

मावशींचं म्हणणं वेगळं होतं, आणि तेही मला पटलं. "हे तीन दिवस झाले की माझी दिवाळी झाली. कोरोनात काय खाल्लं ते मला विचार." सोहळ्याच्या खर्चातून किती घरांच्या चुली पेटतात, हे खर्चाला नावं ठेवताना आपण विसरतो. मंडपवाले, वाजंत्री, कुस्तीचे मल्ल, भेळवाले. त्यांना वगळून लोकमत सांगता येणार नाही.

बैलहोंगलला राणीच्या समाधीपाशी थोडा वेळ बसलो. पुढे बस बदलत रामदुर्ग. बेळगाव सोडून पूर्वेला जाताना भाताची खाचरं संपतात, काळी माती सुरू होते, झाडं विरळ होत जातात. हे दरवर्षीचंच. यंदा मात्र यरगट्टीच्या पुढे माती इतकी फाटली होती की बसमधूनही भेगा दिसत होत्या.

रामदुर्गला माझी आत्या असते. संध्याकाळी आतेभाऊ मला रानात घेऊन गेला. बांधावर उभं राहून त्यानं मक्याचं एक कणीस मोडलं, पानं सोलली आणि माझ्या हातात दिलं. बाहेरून भरलेलं वाटलं होतं. आत देठाशी दोन ओळी दाणे, वर सगळं पांढरं बुरकूस. मी दाणे मोजले. एकोणीस.

"कापायची मजुरी निघत न्हाई," दादा म्हणाला. "गुरं सोडलो रानात." घरी आल्यावर त्यानं कोयता, कुदळ, पंप चालू करायची मूठ असं सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि ते कणीसही कोयत्याशेजारी ठेवलं. दरवर्षी तिथे भरलेलं कणीस असतं. आत्यानं ते बघितलं, पण काढ म्हणाली नाही.

रात्री अंगणात पडल्या पडल्या मला १८७७ आठवत राहिलं. १८७६ चा पाऊस चुकला आणि दख्खन होरपळली. मुंबई इलाख्यात बेळगाव, धारवाड आणि कलादगी हे जिल्हे त्यात होते. कलादगी रामदुर्गच्या ईशान्येला, तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण होतं. म्हणजे मी ज्या मातीवर झोपलो होतो तीच माती. आणि त्याच हिवाळ्यात, १ जानेवारी १८७७ ला, व्हाइसरॉय लिटननं दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. देशभरचे राजेरजवाडे लवाजम्यासह बोलावले होते. हत्ती, निशाणं, तोफांच्या सलाम्या. तो जल्लोष आटोपतो न आटोपतो तोच दुष्काळी कामांवरचा खर्च कमी करायला इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल निघाले. त्यांनी ठरवलेली मजुरी म्हणजे दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक रतल, म्हणजे अर्धा किलोही नाही, एवढं धान्य आणि वर एक आणा. बायकापोरांना त्याहून कमी. मुंबई इलाख्यातही मजुरी खाली आणली, तेव्हा हजारो मजूर काम टाकून उठले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात देशात पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली.

त्या दरबारात सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी गेले होते, सार्वजनिक काका. अंगावर हातानं कातलेल्या सुताचे कपडे. जरीच्या अंगरख्यांच्या त्या गर्दीत खादी घातलेला एक वकील उभा राहतो आणि आपल्या लोकांना बरोबरीचे हक्क मागतो. मी विणकरांच्या पेठेत वाढलो, सूत म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणूनही असेल, पण हे चित्र माझ्या मनातून जात नाही. सर्वेक्षण नव्हतं, मतदान नव्हतं. लोकांचं मत एक माणूस अंगावर घालून गेला.

दसऱ्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर शेजारपाजारची माणसं टीव्हीपुढे जमली. म्हैसूरची जंबू सवारी. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी हत्तीच्या पाठीवर निघाली तेव्हा खोलीतला आवाज बंद झाला. देवी चामुंडेश्वरीला सगळ्यांनी बसल्या जागेवरून नमस्कार केला. लगेच मागून एकजण म्हणाला, "साधेपणानं करणार म्हणाले होते की." दुसरा म्हणाला, "हत्ती काय नवीन आणलेत काय? अंबारी जुनीच." हसू झालं, मग वाद झाला, आणि वादात मला एक गोष्ट दिसली. अंबारीवर कुणाची हरकत नव्हती. हरकत गायकांच्या बिदागीवर, पाहुण्यांच्या हॉटेलांवर, रस्ताभर लावलेल्या पुढाऱ्यांच्या फलकांवर होती. जे देवीचं आणि परंपरेचं त्याला एकजण हात लावू देत नव्हता. जे वरून चिकटवलेलं, ते लोक बरोबर ओळखत होते.

आत्या तोवर गप्प होती. ती ऐंशीच्या पुढची. रामदुर्ग संस्थान भाव्यांचं. राजवाड्यातून निघणाऱ्या दसऱ्याच्या स्वारीबद्दल तिच्या सासूबाई कौतुकानं सांगायच्या. त्याच सासूबाई १९३९ बद्दल मात्र आवाज खाली आणून सांगायच्या. करांवरून प्रजा संघ आणि संस्थान यांच्यात तंटा झाला, पुढाऱ्यांना धरलं, आणि त्या एप्रिलमध्ये जमाव तुरुंगावर चालून गेला. पोलीस मारले गेले. नंतर फाशीच्या शिक्षा झाल्या. "स्वारी बघायला जे जात होते तेच गेले होते की रे," आत्या म्हणाली. "नमस्कार करणारे हात तेच." एवढं बोलून ती आपट्याची पानं निवडायला उठली.

संध्याकाळी सोनं द्यायच्या वेळी दादाच्या मुलाचा इंग्लंडहून फोन आला. मे महिन्यात चार्ल्स राजाचा राज्याभिषेक झाला तेव्हा तो तिथेच होता. तिकडे त्या वसंतात खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षभरात जवळपास १९ टक्क्यांनी महागल्या होत्या. त्याच्या घरमालकिणीनं हीटर बंद ठेवून, अंगावर दोन स्वेटर घालून सगळा सोहळा टीव्हीवर बघितला, आणि राजा दिसल्यावर रडलीही. मात्र पैसे राजानंच द्यायला हवे होते, असं ती दिवसभर म्हणत होती. हे ऐकून आत्या म्हणाली, "मग आमच्यासारखीच हाय की ती."

त्या एप्रिलमध्ये युगव्ह या संस्थेच्या पाहणीत ५१ टक्के लोकांनी राज्याभिषेकाचा खर्च सरकारनं करू नये असं सांगितलं होतं, करावा म्हणणारे ३२ टक्के. तरी खर्च सरकारी तिजोरीतूनच झाला. ७ कोटी २० लाख पौंड हा आकडा लोकांपुढे आला नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे दीड वर्षानं. काटकसर जमत नाही असंही नाही. १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास पौंड लागले होते. दहा वर्षांनी त्याचा भाऊ विल्यम यानं तो ४३ हजारांच्या आसपास आटोपला.

मी त्यांना माझ्या आजोळची गोष्ट सांगितली. बेळगाव तालुक्यातलं गाव. बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीची यात्रा यायची होती. यात्रा म्हणजे रथ, माहेरवाशिणी, घरटी पन्नास पाहुणे, आणि पुढची दोन वर्षं सोसायटीचं कर्ज. ऑगस्टात देवळाच्या कट्ट्यावर पंचांनी बैठक बोलावली. घरटी पट्टी किती बसवायची यावर आकडे सुरू होते. मागे खांबाला टेकून बसलेली एक बाई उठली. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला होता. ती म्हणाली, "माझी पट्टी मी देतो, कमी धरू नका. खरं लेकीला बोलावून तिला काय वाढू ते मला पंचांनी सांगा." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग देवीला गाऱ्हाणं घातलं, ओटी भरली आणि यात्रा पुढे ढकलली. माझे मामा त्या बैठकीत होते. देवी रागावेल अशी भीती त्यांना वाटली होती, आजही वाटते. तरी हात त्यांनी वर केला.

माझा सगळा जीव त्या कट्ट्याशी अडकला आहे. तिथे पट्टी देणारी बाई समोर बसलेली असते, तिला उठून विचारता येतं, आणि तिचं ऐकून रथ थांबतो. कित्तूरच्या मंडपात, म्हैसूरच्या रस्त्यावर, लंडनमध्ये तिला कुठे बसवायचं, एवढंच मला विचारायचं आहे. बसस्टँडवरच्या त्या शेतकऱ्यालाही तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सौंदत्तीमार्गे परत आलो. आत्यानं दिलेल्या पिशवीत आपट्याची पानं, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी होत्या. त्या तिनं मागच्या वर्षीच्या ज्वारीच्या केल्या होत्या, हे तिनं दोनदा सांगितलं.

त्या रात्री, पंचवीस तारखेला, जेवण झाल्यावर मी गच्चीवर गेलो. एव्हाना मावशींचा टेंपो भरून झाला असेल. लख्ख चांदणं पडलं होतं. खालच्या गल्लीत एकच माग चालू होता. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.