साल्झबर्ग, मोत्झार्ट वगळून

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये संगीतकार मोत्झार्टपासून सुटका नाही. चॉकलेटवर तो, छत्रीवर तो, मोज्यांवर तो. गेट्राइडेगासे नावाच्या गल्लीतल्या नऊ नंबरच्या पिवळ्या घरात तो जन्मला. त्या घरासमोर सेल्फीवाल्यांची अशी गर्दी होती की मी आईचा हात धरून भिंतीच्या कडेने कसाबसा पुढे सरकलो. वरून पाऊस. "कोण राहतं रे इथे?" आईने विचारलं. म्हटलं, "आता कोणी नाही." "मग एवढे लोक कशाला?" उत्तर द्यायला वेळ नव्हता, मागून कुणाच्या तरी छत्रीची काडी मानेला टोचत होती.

मला मोत्झार्टचा राग नाही. पण मी साल्झबर्गला गेलो होतो ते हाइनरिश बीबर या सतराव्या शतकातल्या व्हायोलिनवादक-संगीतकारासाठी, आणि त्या दुकानांच्या रांगेत बीबर औषधालासुद्धा नव्हता. माहिती केंद्रातल्या मुलीने नाव दोनदा विचारून घेतलं, हसून मला नकाशा दिला आणि मोत्झार्टच्या घरावर पेनाने गोल केला.

म्युनिकहून साल्झबर्गला जाणं सोपं आहे. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं रेल्वे तिकीट, सीमा ओलांडून थेट साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं, त्यामुळे आम्हा म्युनिकच्या मराठी मंडळींकडे कुणाचे आईवडील आले की पहिली सहल हीच. मी लहानपणी सांगलीत काही वर्षं व्हायोलिन शिकलो, पुढे इंजिनिअरिंगने ते सुटलं. इथे आल्यावर मात्र ऐकणं वाढलं आणि त्यात बीबर सापडला.

हा माणूस मूळचा साल्झबर्गचा नाहीच. 1644 मध्ये बोहेमियातल्या वार्टेनबर्गला जन्मला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. मोराव्हियातल्या क्रोमेर्झिशला बिशपकडे व्हायोलिनवादक म्हणून नोकरीला होता. 1670 च्या उन्हाळ्यात बिशपसाहेबांनी त्याला कामावर पाठवलं: इन्सब्रुकजवळच्या आब्सामला जा, याकोब श्टाइनर नावाचा नामांकित कारागीर आहे, त्याच्याशी बोलून दरबारासाठी नवी वाद्यं ठरवून ये. बीबर निघाला तो आब्सामला पोहोचलाच नाही. मधेच साल्झबर्गच्या आर्चबिशपकडे, माक्स गांडोल्फकडे, रुजू झाला. आमच्या आयटीत याला ॲब्सकाँडिंग म्हणतात. बिशप दुखावला, पण नवा मालक त्याचा दोस्त होता, म्हणून कारवाई केली नाही. फक्त नोकरीतून मोकळं केल्याचा अधिकृत कागद दिला तो 1676 मध्ये. रिलीव्हिंग लेटरसाठी सहा वर्षं! मी एकदा तीन महिने थांबलो होतो तर रक्तदाब वाढला होता.

हे सगळं मी आईला कॅथेड्रलकडे जाताना सांगत होतो. तिचा एकच प्रश्न: "पगार वाढवून मिळाला का?" पगाराचं माहीत नाही, मान मात्र मिळाला. 1677 मध्ये सम्राट लिओपोल्डसमोर वाजवून सोन्याची साखळी, 1684 मध्ये कापेलमाइस्टर म्हणजे दरबारी संगीताचा प्रमुख, 1690 मध्ये सरदारकी. तीही सहज नाही, आधी एकदा अर्ज करून झाला होता. लग्न इथल्याच व्यापाऱ्याच्या मुलीशी. अकरा मुलं झाली, चार जगली, आणि चौघंही संगीतातली. मुलगा कार्ल हाइनरिश 1743 मध्ये वडिलांच्याच खुर्चीवर बसला, आणि त्याच वर्षी दरबाराच्या वाद्यवृंदात लिओपोल्ड मोत्झार्ट नावाचा एक व्हायोलिनवादक दाखल झाला. त्याचा मुलगा चॉकलेटवर आहे. बाहेरून आलेला बीबर 1704 मध्ये मरेपर्यंत इथे राहिला, आणि इथे जन्मलेल्या मोत्झार्टला हे गाव कधी एकदा सुटतं असं झालं होतं. 1781 मध्ये आर्चबिशपची नोकरी सोडून तो व्हिएन्नाला राहिला. दुकानं कोणाची लागली ते वर सांगितलंच आहे.

कॅथेड्रल मात्र बघण्यासारखं आहे. आईला पाय टेकायला बाक मिळाला, म्हणून तिच्या लेखी ते दिवसातलं सर्वांत चांगलं ठिकाण. घुमटाखालच्या चार खांबांवर चार सज्जे आहेत, प्रत्येकात ऑर्गन. 1682 मध्ये साल्झबर्गच्या धर्मपीठाला 1100 वर्षं झाली म्हणून उत्सव झाला, तेव्हा गायक-वादकांचे ताफे अशा सज्ज्यांमध्ये विखरून बसवले होते. मेल्खिओर क्यूझेलने त्या काळात काढलेल्या चित्रात ते दिसतात. त्या उत्सवासाठी लिहिलेली रचना म्हणजे 'मिस्सा साल्झबुर्गेन्सिस', गायक-वादकांच्या त्रेपन्न स्वतंत्र ओळींची. एका पानावर त्रेपन्न ओळी मावायच्या तर कागद केवढा लागेल! म्हणूनच तो जवळजवळ गेला होता. 1870 च्या दशकात हे हस्तलिखित एका भाजीवाल्याकडे रद्दीत सापडलं. मोठाले कागद, भाज्या बांधायला उत्तम. कुणा जाणकाराची नजर गेली म्हणून वाचलं. आणि वाचल्यावरही शंभरेक वर्षं ते ओराझिओ बेनेव्होली या इटालियन माणसाच्या नावावर होतं. आता बहुतेक अभ्यासक ते बीबरचं मानतात. आई म्हणाली, "भाजीवाल्याने जपून ठेवलं म्हणायचं."

सेंट पीटरच्या दफनभूमीत बीबरला पुरलंय, म्हणून तिकडेही गेलो. मोत्झार्टची बहीण नानर्ल आणि संगीतकार मिखाएल हायडन यांची जागा लगेच दिसली, तिथे लोक फोटो काढत होते. बीबरची काही दिसली नाही, पावसाने आईच्या चपला भिजल्या, आम्ही बाहेर पडलो.

संध्याकाळी एका लहानशा चर्चमध्ये बीबरच्या 'रोझरी सोनाटां'पैकी (सोनाटा म्हणजे वाद्यासाठीची रचना) काहींचा कार्यक्रम होता, आणि खरं तर या पोस्टचं कारण तोच. प्रार्थनेच्या माळेतल्या पंधरा रहस्यांवर (आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच) पंधरा सोनाटा आणि शेवटी एकट्या व्हायोलिनची पासाकालिया (तेच मोजके स्वर पुन्हा पुन्हा घेऊन त्यांवर रचलेला तुकडा), अशी ही सोळा रचनांची वही आहे. प्रत्येकीच्या माथ्यावर लहानसं चित्र. मूळ वही म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे, म्हणजे माझ्या ऑफिसच्या वाटेवर. गंमत अशी की सोळापैकी फक्त पहिली आणि शेवटची रचना नेहमीच्या जुळणीत आहे. बाकीच्या प्रत्येकीसाठी तारा वेगळ्या स्वरांना लावायच्या. लिहिलंय मात्र नेहमीच्याच बोटांच्या हिशेबाने, त्यामुळे कागदावर एक दिसतं आणि कानाला दुसरंच येतं.

वाजवणाऱ्या बाईंच्या शेजारच्या टेबलावर चार व्हायोलिनं ठेवलेली. तरी पुरली नाहीत. मधे मधे त्या खुंट्या पिळत बसायच्या. आतड्याच्या तारा, ओली हवा, स्वर ठरेना. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ बघायला लागले. आई अगदी निवांत. सवाईच्या मांडवात रात्र रात्र बसलेल्या बाईला तारा जुळण्याचं काय अप्रूप? माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जुळवू दे की नीट, घाई काय आहे."

मग आली अकरावी, येशूच्या पुनरुत्थानाची. बाईंनी वाद्य उंच करून दाखवलं: मधल्या दोन तारा एकमेकींना ओलांडून नेलेल्या. घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाली एक फुली, वर खुंट्यांपाशी दुसरी. क्रूसच तो. त्यांनी एकेक तार छेडली आणि मी ताठ बसलो. खालून वर षड्ज, वरचा षड्ज, मग पंचम, वरचा पंचम. चारही तारांत सा आणि प, बाकी काही नाही! आपल्याकडे व्हायोलिन सा-प लावूनच तर शिकवतात. सांगलीत सरांनी पहिल्या दिवशी मला तेच लावून दिलं होतं, क्रम तेवढा वेगळा. आणि फुली नुसती दिखाऊ नाही: सप्तकाची जोडी शेजारशेजारच्या तारांवर येते, त्यामुळे एकाच बोटाखाली दोन्ही दाबले जातात. 'सुर्रेक्सिट ख्रिस्तुस होदिए' हे ईस्टरचं जुनं गीत असं दुहेरी वाजायला लागलं तेव्हा एकाच हातात दोघं जण वाजवताहेत असं वाटत होतं.

शेवटची पासाकालिया. चार उतरते स्वर: सा, कोमल नी, कोमल ध, प. हेच चार स्वर पासष्ट वेळा येतात आणि त्यांच्यावर बीबर काय काय रचतो! साथीला कोणी नाही. आईने मांडीवर बोटांनी ताल धरला होता. मोजायला बसलो होतो, पण मधेच सोडून दिलं.

परतीच्या गाडीत जर्मन पोलिसांनी सीमेवर पासपोर्ट तपासले. आमच्या डब्यात फक्त आमचेच नीट उलटून पाहिले, तो विषय वेगळा. आईने फ्युर्स्टच्या दुकानातली निळ्या-चंदेरी कागदातली मोत्झार्ट चॉकलेटं घेतली होती, 1890 ची मूळ कृती म्हणे. महाग आहेत, पण सोनेरी कागदातल्या कारखान्याच्या मालापेक्षा कितीतरी चांगली, हे मान्य करावंच लागेल.

पुढची सुट्टी क्रोमेर्झिशला. साल्झबर्गला पळून गेल्यावरही बीबर तिकडच्या बिशपला स्वतःच्या हाताने लिहिलेल्या रचना पाठवत राहिला, बहुधा राग शांत करायला, आणि ते कागद त्या वाड्यातल्या संग्रहाने आजवर सांभाळले आहेत. आईचा व्हिसा डिसेंबरपर्यंत आहे. तिने एकच अट घातली आहे: बसायला जागा हवी.