रांजणातली जवारी

उरसाच्या तीन दिवसांत मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नवा तंबोरा कोणी घेत नाही. जे येतात ते घाबरून येतात. प्रवासात खुंटी सैल झालेली असते, जवारी, म्हणजे तार टेकते तिथली झणकार देणारी घासणी, बसलेली असते, आणि रात्री दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला हजेरी लावायची असते. एरवी चार दिवस रेंगाळणारं काम तेव्हा चहा पिऊन होईपर्यंत हवं असतं.

त्या दुपारी दुकानात तिघं बसले होते. कोल्हापूरकडचे एक वयस्क पेटीवाले, त्यांच्या साथीचा तबलजी आणि तिशीतला एक गवई. गवयाचा तंबोरा आमच्याच गल्लीतला होता, वीसेक वर्षांपूर्वीचा.

"चाचा, जवारी खुली करून द्या."

खुली म्हणजे झणझणीत, धारदार. आता सगळेच खुली मागतात. मी तारा टेकतात ती घोडी काढली, कानशीचे चार हात दिले, तार चढवली, तारेखालचा दोरा सरकवला. त्याने छेडून बघितलं. चेहरा तसाच.

"नाही हो. अजून खुली."

अजून केली. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी मी कानस खाली ठेवली. घोडीचा माथा बघणाऱ्याला सपाट वाटतो, पण पुढच्या अंगाला त्याला केसभर उतार असतो. तार त्या उतारावर घासून, पुन्हा पुन्हा टेकून सुटते म्हणून तिच्यातून वरचे सूर फुटतात. चांगल्या लागलेल्या खर्जातून, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या तारेतून, गंधार आपोआप ऐकू येतो, तो ह्या उताराच्या जोरावर. उतार जास्त झाला की तार मुकी. आणि घासलेलं हाड परत भरता येत नाही. माझ्या अब्बांनी मला पहिली दोन वर्षं कानस धरूच दिली नाही, ती ह्याच भीतीनं.

मी म्हणालो, "जरा थांबा. कान थकला की काम बिघडतं." पोराला चहा आणायला पाठवलं.

चहा येईपर्यंत तबलजीनं विषय काढला. इथे बसलं की तो निघतोच, कारण खाँसाहेब इथेच, मिरासाहेबांच्या दर्ग्यात, विसावलेत. १९३७ साल ते. तबलजी म्हणाला, "एका रेकॉर्डपायी पोरानं घर सोडलं, माहीत आहे ना? गदगमध्ये दुकानात खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी लागली होती, पिया बिन नाही आवत चैन. भीमसेनजी तेव्हा अकरा वर्षांचे. १९३३ साल. ऐकलं आणि निघाले गुरू शोधायला."

"आणि तू काय सोडलंस?" पेटीवाल्यांनी विचारलं.

"गिरणीतली नोकरी. पण गिरणीनंच आधी मला सोडलं होतं."

हसणं झालं. मग ज्याला त्याला लागलेल्या गाण्याची गोष्ट निघाली. तबलजी म्हणाला, त्याचं गाणं 'इंद्रायणी काठी'. 'गुळाचा गणपती'मधलं, पु. लं.नी चाल लावलेलं. "पण खरं सांगू का, लहानपणी मी ते गाणं ऐकलंच नाही. शब्द गेले तिकडे, मी फक्त ठेका ऐकायचो. देवळात आमचा एक म्हातारा पखवाजी होता, त्याच्या हाताची थाप मला त्या रेकॉर्डमध्ये सापडली. आजही भजनी ठेका धरला की मला त्याचा तेलकट पखवाज दिसतो."

पेटीवाल्यांचं 'शूरा मी वंदिले'. १९११च्या 'मानापमाना'तलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालीचं. टेंबे स्वतः पेटी वाजवायचे, ह्याचा काकांना अभिमान फार. "गवई चाली लावतात तेव्हा गळा बघतात. टेंब्यांनी बोटंही बघितली असणार," असं त्यांचं मत. मला हे पटलं नाही, पण साठ वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाशी ह्यावर वाद घालायचा नसतो. मग त्यांनी त्यांचं जुनं दुखणं काढलं: १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर पेटीला बंदी होती. "माझं तरुणपण रेडिओच्या दाराबाहेर गेलं," ते म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

गवई अजून गप्पच. तबलजीनं त्याला ढोसलं. "अरे, तुझं कुठलं?"

"जमुना के तीर."

"म्हणजे पुन्हा खाँसाहेबच. भैरवी."

"हो. पण..." त्याला सांगायला लाज वाटत होती. "मी रेकॉर्ड मोठेपणी ऐकली. लहानपणी बाबांच्या ट्रान्झिस्टरवर कधीतरी सकाळी लागायची. सेल अर्धे उतरलेले. आवाज पुरायचा नाही म्हणून बाबा ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरातल्या रिकाम्या रांजणाच्या तोंडावर ठेवायचे. सगळ्या घरात घुमायचं. नंतर शहरात शिकायला गेलो, तिथे चांगल्या मशीनवर तीच रेकॉर्ड ऐकली. तीन मिनिटांची, स्वच्छ. मला वाटलं, हे कुणी दुसरंच गातंय."

मी त्याच्या तंबोऱ्याकडे बघितलं आणि मला स्वतःचाच राग आला. दुपारभर मी त्याच्या तोंडचा शब्द ऐकत होतो. खुली. हा शब्द त्याला कुणीतरी शिकवलेला, बैठकीत सगळे म्हणतात म्हणून म्हटलेला. त्याला तो घुमारा हवा होता, रांजणातला. आणि मी प्रत्येक वेळी तार आणखी धारदार करून त्याला त्यापासून लांब नेत होतो.

जुनी घोडी आता तशी परत मिळणार नव्हती. मी माळ्यावरून दुसरी काढली, अब्बांच्या हातची, सांबरशिंगाची. तसलं शिंग आता मिळत नाही, मिळू नयेही. मधल्या जोडीच्या दोन तारा जराशा मिटल्या, म्हणजे त्यांची झणझण कमी केली. खर्जाला मात्र वेळ घेतला. उतार लांब, अगदी हळू, आणि शेवटी कानस सोडून नुसता पॉलिश पेपर. तार सुटल्यावर आधी गोल वाटली पाहिजे आणि मग मागून गंधार यावा, असं काहीसं. दोरा अर्धा तांदूळ मागे घेतला.

काळी एकच्या पट्टीत लावून मी तंबोरा त्याच्या मांडीवर दिला. त्याने पंचम, जोड, खर्ज, असा एक फेरा घेतला. दुसरा घेतला. मान खाली घालून भोपळ्याला कान लावला आणि बराच वेळ तसाच बसला. पेटीवाले काका घड्याळ बघायला लागले.

"किती द्यायचे, चाचा?"

मी जवारीचे सांगितले. घोडीचे नाही सांगितले. पोरगा नंतर रागावला माझ्यावर, ते बरोबरच होतं.

रात्री दर्ग्यात गेलो. चिंचेच्या झाडाखाली गर्दी होती, मी मागे चपला ठेवतात तिथे उभा राहिलो. त्याचा नंबर उशिरा आला. दोन्ही तंबोरे लागले, आमचा डाव्या बाजूला. मी खर्जाकडे कान लावून होतो. पहिला सा लावण्याआधी तो वळला, डावा तंबोरा जरा आपल्याकडे ओढला आणि नखानं खर्जाचा दोरा केसभर पुढे सरकवला.

माझ्या छातीत धस्स झालं. मग तार वाजली. माझ्यापेक्षा बरी लागली होती.