एक्क्यांची जोडी आणि चिंचोके

परवा भर दुपारी लाईट गेली आणि बंगळूरहून आलेल्या पुतण्यानं पत्ते काढले. पंचमीला जमलेलं घर, बाहेर बेळगावच्या टिळकवाडीचा पाऊस, मोबाईलही सगळ्यांचे मान टाकायच्या बेतात. "काका, टेक्सस होल्डम. रमीपेक्षा सोपं आहे, बसा." बसलो. प्रत्येकाला दोन पानं उपडी, मधे पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडायची, सातांतून आपली बरी पाच जुळवायची. बोली बांधलेली. पहिल्या दोन फेऱ्यांत एकेक रुपया, पुढच्या दोनांत दोन-दोन. अंगावर येऊन कुणाला घाबरवायची सोयच नाही.

थोड्या वेळानं वहिनींनी पानं उचलली आणि चहाचा कप खाली ठेवला. पदर खोचला. पाठ ताठ. आतापर्यंत गप्पा मारत खेळणारी बाई एकदम बँकेच्या मॅनेजरसारखी बघायला लागली. मी मनात म्हटलं, आला एक्का. एक नव्हे, दोन आले होते.

वहिनींनी वाढवलं. आम्ही नऊच्या नऊ जण आत. "रुपयाच आहे की!" मग मधे पंजी, छक्की, नव्वी उघडली आणि सत्ती-अठ्ठी धरून बसलेल्या धाकट्या पुतणीनं पाचापासून नवापर्यंत रांग जुळवून सगळा ढीग ओढून नेला. वहिनींचा संताप बघण्यासारखा होता. "असली पानं घेऊन कुणी बसतं का?" हरल्याचं दुःख नव्हतं; पोरीला रीतभात नाही, याचं होतं.

पुतण्या इंजिनिअर, त्यानं हिशेब मांडला. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. समोर एकच गडी असला तर शंभरात 85 वेळा ती टिकते. समोर नऊ असले आणि नवांपैकी एकही पानं टाकत नसला, तर शंभरात 31. म्हणजे दहातले जवळजवळ सात डाव जायचेच. तरी खेळायला याहून चांगली पानं नाहीत, कारण दहाजणांत वाट्याला दहावा हिस्सा यायचा, तिथे तिपटीनं येतो, आणि आला की नवांचे पैसे घेऊन येतो. वहिनींना हे पटलं नाही. मला हिशेब पटला, पण राग वहिनींचाच खरा वाटला.

एक्का-राजाचं तर मला मुळातच कौतुक नाही. नावाजलेल्या घराण्यातलं स्थळ. नाव मोठं, हातात अजून काही नाही. मधली पहिली तीन पानं उघडली की तीनातून दोनदा त्याला काहीच जुळत नाही, आणि धरणारा मात्र उगाच ऐटीत बसलेला असतो. गर्दीच्या डावात त्यापेक्षा एखादी चौक्यांची जोडी बरी. स्वस्तात बसावं, आठ-नऊ वेळांत एकदा तिसरी चौकी येते, नाही आली तर मुकाट्यानं टाकावी. पण चौक्या आल्या म्हणून कुणी पदर खोचत नाही, हेही आहेच.

आजोबा टोपी मागे सारायचे. शहापुरात गल्लीच्या गणपतीच्या मांडवात जागरणाला तीन पानी चालायची. पैसे लावायला आजीची बंदी, म्हणून चिंचोके. आजीच्याच डब्यातले, खरपूस भाजलेले. चांगलं पान आलं की आजोबांचा अंगठा काळ्या टोपीच्या कडेला जायचा आणि टोपी दोन बोटं मागे. अख्ख्या गल्लीतल्या पोरांना ही खूण ठाऊक. शहाणी माणसं अशा वेळी पानं टाकतात. आम्ही टाकत नव्हतो. चिंचोक्याला कोण भितंय? आजोबांची राजांची जोडी आणि कुणाच्या तरी दुर्री-तिर्री-चौकीचा रन, हा प्रसंग जवळपास दर जागरणाला ठरलेला.

"पानं नसतील तर टाका की गा!"

"चिंचोकाच आहे की आजोबा."

मग ते उरलेल्यांतला एक चिंचोका तोंडात टाकायचे आणि कडाकडा फोडायचे. भांडवलच खाऊन टाकायचा हा प्रकार मी नंतर कुठल्याच जुगारात पाहिला नाही. पुढच्या डावाला पुन्हा टोपी मागे. "या खेपेला भक्कम आहे."

भक्कम हा शब्द ते आणखी एका बाबतीत वापरायचे, आणि तेव्हाही हात टोपीकडे जायचा. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. 1967 साली सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला, बेळगाव तिकडेच ठेवा म्हणाला. आजोबा म्हणाले, असू दे, आपली बाजू भक्कम आहे. भाषा, गावं, जनगणनेचे आकडे सगळं त्यांना पाठ. दिल्लीच्या टेबलावर आणखी कोण कोण बसलंय आणि कुणाच्या हातात काय आहे, हे विचारायचं आमच्या मनात आलं नाही. 2004 साली महाराष्ट्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, त्या दिवशी त्यांनी गल्लीत कुंदा वाटला. कुंदा त्यांच्या पेन्शनचा, पाव किलो नव्हे, चांगला दोन किलो.

ते गेले. दावा अजून आहे, तारखा पडताहेत.