दूरच्या विजेचा माग: जालन्याची अडचण

पुण्यात माझ्या गच्चीवर विजेच्या रेडिओ लहरी पकडणारी, एकमेकांना काटकोनात असलेली तारेची दोन वेटोळी आता नीट बसली आहेत. दूरच्या विजेच्या या लहरी जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधून शेकडो किलोमीटर येतात आणि दोन वेटोळ्यांतील व्होल्टेजच्या गुणोत्तरावरून त्यांची दिशा कळते. वीज ईशान्येला पडली की नैऋत्येला, हे मात्र त्यातून ठरत नाही. त्यासाठी शेजारी उभी दांडी लावून विद्युत क्षेत्राचे चिन्हही पाहावे लागते.

दिशा तपासण्यासाठी तिरुनेलवेलीजवळच्या नौदलाच्या आयएनएस कट्टबोम्मन केंद्राचा 18.2 किलोहर्ट्झचा संदेश फार उपयोगी पडला. नकाशावर ते केंद्र पुण्याहून, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास, सुमारे 160 अंशांवर आहे, पण माझे यंत्र 167 दाखवत होते, आणि 300 किलोमीटरवरच्या विजेसाठी सात अंशांची चूक म्हणजे सुमारे 37 किलोमीटरची चूक. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. दोष निघाला तो कठड्यातील लोखंडी सळयांचा, कारण वेटोळ्यांची चौकट बसवताना होकायंत्र मी कठड्यावरच ठेवले होते. मे महिन्यात माध्यान्हीची सावली जवळजवळ नाहीशी होत असल्याने तिचाही आधार नव्हता. अखेर रात्री ध्रुवताऱ्याकडे ओळंब्याची दोरी धरून चौकट फिरवली, तेव्हा यंत्र 161 दाखवू लागले.

दुसरे केंद्र अहिल्यानगरला, सरळ रेषेत सुमारे 115 किलोमीटरवर, मित्राच्या घरी आहे. नांदेड आणि लातूरकडच्या विजांच्या दिशारेषा नकाशावर व्यवस्थित छेदतात. जालन्याकडे वीज पडली, की मात्र दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात, कारण पुणे, अहिल्यानगर आणि जालना जवळजवळ एकाच रेषेत आहेत! लहर दोन केंद्रांवर किती वेळाच्या फरकाने पोहोचते, हे मोजण्याचा उपायही तेथे चालत नाही. त्या रेषेवर अहिल्यानगरच्या पुढे वीज कुठेही पडली, तरी दोन केंद्रांवरच्या जीपीएस घड्याळांनी नोंदलेल्या वेळांतील फरक 0.38 मिलिसेकंदच येतो. नव्या संगणक प्रणालीने ही उणीव भरून निघेल, असे मला वाटत होते, पण ती भूमितीची उणीव आहे.

म्हणून तिसरे केंद्र सोलापूरला करायचे ठरवले आहे. तेथून जालना जवळजवळ थेट उत्तरेला येते, त्यामुळे पुण्याच्या रेषेला सोलापूरची रेषा सुमारे 55 अंशांत छेदेल. सोलापूरसाठी वेटोळी गुंडाळून झाली आहेत. वेटोळ्यांतील क्षीण संकेत वाढवणाऱ्या प्रीअँप्लिफायरचे काम सुरू आहे.