तुम्ही विचारलंत म्हणून: मॅच चालू असताना डोळे का मिटता?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. मॅच रंगात आलेली असते, कॉर्नर घ्यायला कुणीतरी झेंड्याकडे चाललेला असतो, आणि मी डोळे मिटून बसलेला. शेजारच्यांना वाटतं, डुलकी लागली. भाच्यानं तर एकदा माझ्या नाकासमोर हात हलवून बघितला. "मामा, झोपायचंच असेल तर आत जाऊन झोप ना. इथे सोफा कशाला अडवतोस?"

झोपत नाही रे. ऐकत असतो.

कॉर्नरला स्टेडियमचा आवाज खालून वर चढत जातो, बॉल हवेत गेला की एकदम पातळ होतो, आणि मग एकतर फुटतो नाहीतर 'ओऽह' करून खाली बसतो. तो 'ओऽह' बॉल थोडक्यात हुकल्याचा आहे, की गोलकीपरनं आरामात झेलल्याचा, की रेफरीनं भलताच फाउल दिल्याचा, हे मला बहुतेक वेळा न बघता सांगता येतं. यात सिद्धी वगैरे काही नाही. कारण अगदी साधं आहे: आमच्याकडे व्हीसीआर नव्हता.

टेपरेकॉर्डर होता. 1990 चा इटलीतला वर्ल्ड कप आला तेव्हा मी शाळेत होतो आणि मॅच जपून ठेवायच्या या कल्पनेनं मला पछाडलं होतं. चित्र जपायची सोय नव्हती, मग आवाज तरी जपू म्हणून टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि प्ले आणि लाल बटण एकदम दाबलं. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. पहिला हाफ ए बाजूला, दुसरा बी बाजूला, मध्यंतरात कॅसेट उलटायची. हा हिशेब जुळल्यावर मला वाटलं होतं, कॅसेट बनवणाऱ्यांनी ती फुटबॉलसाठीच बनवली असणार. फक्त इंज्युरी टाइमचा विचार त्यांनी केला नव्हता. माझ्या संग्रहातल्या बऱ्याचशा मॅच शेवटच्या मिनिटात खट्कन संपतात.

तर मी फुटबॉल शिकलो तो असा. एकदा बघून आणि वीस-वीस वेळा ऐकून. 8 जूनची मिलानमधली पहिली मॅच, कॅमेरूननं जगज्जेत्या अर्जेंटिनाला 1-0 हरवलं ती, मला अजून आवाजातच आठवते. ओमाम-बियिकच्या हेडरनंतर जो जल्लोष होतो तो कॅमेरूनहून आलेल्या मूठभर लोकांचा असणं शक्यच नाही. तो मिलानकरांचा आहे. मिलानचा प्रतिस्पर्धी असलेल्या नेपल्सच्या नापोली क्लबकडून खेळणारा मॅराडोना आपल्या गावात हरतोय याचा आनंद त्यात ऐकू येतो. 8 जुलैच्या रोममधल्या फायनलच्या कॅसेटवर तर सुरुवातीलाच नुसती शिट्ट्यांची खरखर आहे, अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीतावर. मित्राला ऐकवली तर तो म्हणाला, "हेड साफ कर रे, स्पिरिट लाव." त्याला ती टेपची खराबी वाटली. सबंध स्टेडियम एका राष्ट्रगीतावर शिट्ट्या मारत असेल हे त्याला पटेना.

आता ओघानं दुसरा प्रश्न येतो, तोही नेहमीचा. म्हणजे तुम्ही 'जुनं ते सोनं'वाले का? आजचा फुटबॉल आवडत नाही का?

आवडतो की. खरं तर जुन्यापेक्षा जास्त आवडतो. आणि हे मी पुरावा तपासून बोलतोय. काही वर्षांपूर्वी त्या कॅसेटवरच्या मॅच मी पहिल्यांदाच पुन्हा चित्रासकट, पूर्ण बघितल्या. काय सांगू! झोप येते. त्या वर्ल्ड कपला मॅचमागे 2.21 गोल झाले. इतके कमी कुठल्याच वर्ल्ड कपला झालेले नाहीत. आयर्लंड विरुद्ध इजिप्त ही 0-0 मॅच ज्यानं सलग बघितली त्याला माझा नमस्कार. जीव नकोसा झाला की बॉल मागे गोलकीपरला द्यायचा, त्यानं तो हातात घ्यायचा, दोनदा आपटायचा, पुन्हा बचावपटूकडे सरकवायचा, की पुन्हा मागे. फायनल 85 व्या मिनिटाच्या पेनल्टीवर सुटली आणि अर्जेंटिनाचे दोन खेळाडू बाहेर गेले. 1992 मध्ये नियम बदलला आणि सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येईना, तेव्हा या खेळाचा निम्मा कंटाळा कमी झाला. आजचा गोलकीपर पायानं जे पास देतो ते तेव्हाच्या कित्येक मिडफिल्डरना जमले नसते. त्यामुळे 'आमच्या वेळचा फुटबॉल' म्हणून उसासे टाकणाऱ्यांच्या पंगतीत माझं पान मांडू नका.

बरं, तेव्हाचा आवाजही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. ज्या उभ्या राहायच्या स्टँडमधून ती सगळी गाणी उठायची, त्याच स्टँडमधून काळ्या खेळाडूंना माकडाचे आवाज काढले जायचे. लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सच्या दिशेनं केळं फेकलं गेलं आणि त्यानं ते टाचेनं मैदानाबाहेर सारलं, तो फोटो 1988 चा आहे. आणि 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात अशाच एका स्टँडच्या जाळीला चेंगरून लिव्हरपूलची माणसं गेली. आज तो आकडा 97 आहे. त्यानंतर इंग्लंडमधल्या वरच्या श्रेणीच्या मैदानांत सगळ्यांना बसायला खुर्च्या आल्या. 'खुर्च्या आल्या आणि वातावरण गेलं' असं कुणी हळहळत म्हणालं की मी विषय बदलतो.

मग माझं दुखणं काय? माझं दुखणं आहे भोंगा. स्टेडियमचा भोंगा.

गोल झाला की हल्ली कित्येक मैदानांत ताबडतोब संगीत लागतं. लोक ओरडायला तोंड उघडतात न उघडतात तोच वरून ढॅण्णढॅण्ण सुरू. माणसाला ओरडायचं असतं तेव्हा त्याला ठेका कशाला द्यायचा? तीस-चाळीस हजार लोकांचा तो पहिला, ओबडधोबड, बेसूर आवाज हीच तर त्या गोलची सही असते. घरचा गोल, पाहुण्यांचा गोल, पहिला गोल, रडतखडत बरोबरी साधणारा गोल, प्रत्येकाचा आवाज वेगळा. भोंग्यातलं गाणं मात्र सगळ्यांना एकच. डोळे मिटून ऐकणाऱ्याला काही कळायला मार्गच उरत नाही.

संगीताशी माझं वैर आहे असं समजू नका. फुटबॉलला गाणं लागतंच. पण ते कोण कुणाला देतं, याला अर्थ आहे. लिव्हरपूलचं 'यू विल नेव्हर वॉक अलोन' घ्या. मूळचं ते 1945 च्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं, म्हणजे फुटबॉलशी संबंध शून्य. 1963 मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडनं ते गायलं आणि ते इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मॅचआधी मैदानात त्या आठवड्याच्या यादीतली गाणी वाजवायची पद्धत होती. जुनी माणसं सांगतात की काही आठवड्यांनी गाणं यादीतून उतरलं, भोंग्यातून वाजायचं थांबलं, आणि लोक गातच राहिले. या कथेला थोडी कल्हई झाली असेल, झाली तर झाली. मला त्यातली ती जागा आवडते: भोंगा गप्प झाला आणि गाणं लोकांचं झालं.

युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची धून याच्या अगदी उलट. ती 1992 मध्ये ऑर्डर देऊन करवून घेतलेली आहे. संगीतकार टोनी ब्रिटन, आधार हँडेलनं 1727 साली इंग्लंडच्या राज्याभिषेकासाठी रचलेल्या समूहगीताचा, शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांतले. कबूल करतो, ती लागली की माझ्याही अंगावर काटा येतो. हँडेलचं काम आहे, येणारच. पण मँचेस्टर सिटीचे प्रेक्षक युरोपच्या संघटनेवर चिडून कित्येक वर्षं त्या धूनवर हुर्यो करत आले. राज्याभिषेकाच्या सुरांवर हजारो लोकांची 'बूऽऽ'! मला ते मिश्रण मूळ धूनपेक्षा जास्त सुरेल वाटतं.

आणि मग ती सात सुरांची ओळ. तुम्हाला नाव माहीत नसलं तरी चाल माहीत असते: ओऽ, ओ ओ ओ ओऽ ओऽ, ओऽ. द व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन जोडीच्या 'सेव्हन नेशन आर्मी'मधली 2003 सालची गिटारची फ्रेज. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या ब्रुज क्लबचे समर्थक मिलानला गेले होते. मॅचआधी ते एका बारमध्ये बसले असताना हे गाणं लागलं, त्यांनी ती ओळ उचलली आणि स्टेडियममध्ये नेली. ब्रुजनं एसी मिलानला मिलानमध्ये 1-0 हरवलं. झालं, शकुनाची चाल म्हणून ती ब्रुजच्या मैदानात मुक्कामाला आली. 2006 च्या फेब्रुवारीत रोमाचा संघ तिथे खेळायला गेला, रोमाच्या लोकांनी ती ऐकून घरी नेली, आणि जुलैत इटली जगज्जेती झाली तेव्हा सगळा देश तीच चाल गात होता. शब्द नाहीत, भाषा नाही, तोंडातून तोंडात गेलेली चाल. आमच्या लहानपणी कॅसेटवरून कॅसेटवर गाणं जायचं तसं. पुढे आयोजकांचं लक्ष गेलं आणि तीच चाल मोठमोठ्या स्पर्धांत भोंग्यातून वाजायला लागली. एकदा वरून वाजायला लागली की गाणारे निम्मे होतात. कशाला घसा ताणायचा, लागलंच आहे की.

व्हीएआरबद्दलही, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायच्या पद्धतीबद्दलही, माझं म्हणणं आवाजापुरतंच आहे. निर्णय अचूक होतात का, यावर तुम्ही वाद घाला, मी चहा पितो. मला एवढंच ऐकू येतं की आता गोलला दोन आवाज असतात. पहिला हात राखून केलेला. मग कानाला बोट लावून उभा असलेला रेफरी, दोन मिनिटांची कुजबुज, आणि दुसरा आवाज, जो गोलचा नसून निकालाचा असतो. परीक्षेत पास झाल्यासारखा. ऑफसाइडची रेघ कुठल्या खेळाडूच्या काखेतून जाते हे मला ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

कोविडच्या साली, 2020 मध्ये, माझ्या या खुळाची परीक्षा झाली. मे महिन्यात जर्मनीतली बुंडेसलीगा रिकाम्या मैदानांत सुरू झाली. पहिल्या दिवशी मी डोळे मिटले आणि दचकून उघडले. बुटाचा बॉलवर बसणारा ठोका, गोलकीपरच्या शिव्या, जाळीची सळसळ. एखाद्या मोठ्या घरातलं सामान हलवल्यावर बोलणं घुमतं तसं सगळं घुमत होतं. मग वाहिन्यांनी गर्दीचा आवाज वरून मिसळायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये तर तो एका व्हिडिओ गेममधून घेतला होता. कुणीतरी खोलीत बसून बटणं दाबत असणार. त्या माणसाची मला दया यायची, कारण तो नेहमी अर्धा सेकंद मागे असायचा. बॉल बाहेर जाऊन पडलेला आणि गर्दी आत्ता कुठे उत्साहात येतेय. भाच्याला काही फरक जाणवला नाही. मी मात्र ते तीन महिने डोळे उघडे ठेवून मॅच बघितल्या.

जर्मनीचं नाव निघालंच आहे तर 2012 ची गोष्ट सांगतो. लीगनं प्रेक्षकांसाठी सुरक्षेचे नवे, कडक नियम आणायचं ठरवलं, 12 डिसेंबरला त्यावर मतदान होतं. त्याआधीच्या सामन्यांत देशभरातल्या समर्थकांनी पहिली 12 मिनिटं आणि 12 सेकंद तोंडातून अवाक्षर काढलं नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये जवळजवळ 25,000 माणसं उभी राहून मॅच बघतात. तेवढी माणसं एका जागी गप्प उभी. आणि 12 मिनिटं 12 सेकंद झाल्यावर जो आवाज उठला, तो कुठल्याच भोंग्याला काढता आला नसता. नियम तरीही मंजूर झाले, ते सोडा. पण आपण विकत घेतो ती गोष्ट नक्की कुणाच्या घशातून येते, हे त्या दिवसांत टीव्हीवाल्यांनाही ऐकू गेलं असेल.

राहता राहिली एक कॅसेट. ती मी अजून कुणाला फारशी ऐकवलेली नाही.

3 जुलै 1990, नेपल्स, सेमीफायनल. इटली विरुद्ध अर्जेंटिना. आधी इटलीच्या स्किलाचीचा गोल, मग दुसऱ्या हाफमध्ये अर्जेंटिनाच्या कॅनिजियाचा हेडर, 1-1. माझी नव्वद मिनिटांची कॅसेट संपली आणि मॅच संपली नाही. घरात दुसरी कोरी कॅसेट नव्हती. मी हाताला लागली ती बाबांची गाण्यांची कॅसेट घातली, साठ मिनिटांची, त्यांनी कुणाकडून तरी मुद्दाम भरून आणलेली. त्यात रेफरी वोत्रो यांचा घड्याळाचा हिशेब चुकला आणि एक्स्ट्रा टाइमचा पहिला भाग पंधराऐवजी तेवीस मिनिटं चालला. पहिली बाजू पुसली गेली. दुसरी उलटली. पेनल्टी सुरू झाल्या.

बाबांनी दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली तेव्हा काय झालं ते इथे सांगत नाही. ते पुढे कित्येक वर्षं फुटबॉलला 'तो तुझा खोडरबर' म्हणायचे.

इटलीच्या डोनाडोनीची पेनल्टी अर्जेंटिनाचा गोलकीपर गोयकोचेआनं अडवली. मॅराडोनानं आपली मारली; त्याच्याच शहरात, त्याच्याच मैदानात, आणि टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळलेल्या लोकांचा एक अर्धवट आवाज तिथे आहे. मग इटलीचा सेरेना. धावत आल्याचं कॉमेंट्रीवरून कळतं. ठोका. गोयकोचेआनं तीही अडवली. आणि एवढं मोठं स्टेडियम विझल्यासारखं खाली बसतं, त्यात दूरवर कुठेतरी दोन-चारशे अर्जेंटिनावाले ओरडतायत. त्यावर आमच्या खोलीतल्या भावाचा झोपाळू आवाज, "संपलं का?" मग खट्. मी बटण दाबलेलं.

आणि लगेच, मध्यातूनच, अर्धी झालेली एक तान समेवर येते. ठेका सुरू होतो, गाणारा पुढचा अंतरा उचलतो.