जर्मनच्या बाई

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा समितीचा निरोप आला. मैदान, गॅदरिंग, प्रार्थना यांवर इतर लिहितीलच. मी जर्मनच्या बाईंवर लिहिणार. नाव सांगायला नकोच. 'संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात' हा घरचा हिशोब मोडून आम्ही मोजकी पोरं जर्मनला बसलो ती बाईंमुळे.

नववीत चार विभक्त्यांनी जीव काढला, तेव्हा बाईंनी व्याकरण बाजूला ठेवून जर्मन लेखक एरिश केस्टनरचं 'एमिल आणि गुप्तहेर' काढलं. १९२९ चं पुस्तक. एमिलची विधवा आई बायकांचे केस धुऊन-विंचरून घर चालवते. तिच्या कष्टाचे १४० मार्क कोटाच्या आत टाचणीने टोचून पोरगा एकटा बर्लिनच्या गाडीत बसतो. डोळा लागतो, पैसे जातात. बाईंनी इथे पुस्तक मिटलं, पर्समधून दहाची नोट काढली आणि म्हणाल्या, "चोर सापडला. आता नोटा एमिलच्याच, हे सिद्ध करा." वर्गात नुसता गोंधळ. उत्तर आलं ते शेवटच्या बाकावरून, एकही विभक्ती धड न येणाऱ्या गड्याकडून : "बाई, टाचणीची भोकं!" नोट त्यालाच मिळाली आणि मधल्या सुट्टीत वडापाव होऊन आमच्या सगळ्यांच्या पोटात गेली.

मुलांसाठी लिहिणारा गोडगोडच लिहितो असं समजू नका, असं बाई बजावत. हा ड्रेस्डेनचा माणूस मोठ्यांसाठी लिहायला बसला की बोचरा. १९१७ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर एका सार्जंटने कवायतीत पिदडून त्याचं हृदय कायमचं दुखावलं. त्या सार्जंटचं नाव घालून त्याने कविताच लिहिली. १० मे १९३३ ला नाझींनी बर्लिनमध्ये पुस्तकं जाळली, तेव्हा गर्दीत उभं राहून त्याने स्वतःची पुस्तकं जळताना पाहिली. तरी देश सोडला नाही. बरोबर की चूक, यावर बाईंनी वर्गात दोन तट पाडले आणि स्वतः निकाल काही दिला नाही. मला ते थांबणं अजून पुरतं पटलेलं नाही. लेखनबंदी असताना टोपणनावाने त्याने 'म्युन्शहाउझेन' या चित्रपटाची पटकथा लिहिली, आणि तो चित्रपट नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या आशीर्वादाने निघालेला! बाई असत्या तर कडाडून भांडलो असतो.

हल्ली मी म्यूनिकला मोटारींच्या ब्रेकवर काम करतो. हाताखाली माणसं आहेत, बरं चाललंय. केस्टनर १९७४ मध्ये याच शहरात गेला. बोगनहाउझेनच्या चर्चलगत त्याची कबर आहे. तिथला फोटो बाईंना पाठवला होता, खाली जर्मनमध्ये दोन ओळी लिहून. फोटोबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ओळींतली विभक्ती तेवढी सुधारून परत पाठवली.

शाळेत आता जर्मन नाही असं ऐकतो. वाईट वाटतं. समिती तो तास पुन्हा सुरू करणार असेल, तर पुस्तकांचा खर्च माझ्याकडे लागला.