एका बरोबरच्या चिन्हापायी

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला इंदूरच्या राजवाड्यामागच्या नमकीनवाल्यांचा फोन आला. त्यांच्या ऑनलाइन ऑर्डरचं काम आम्ही विजयनगरच्या ऑफिसातून सांभाळतो. "भिया, माल गया ग्यारह सौ अस्सी का, और खाते में आए ग्यारह रुपये अस्सी पैसे!" आवाजात राग कमी, काळजीच जास्त. तेच मला लागलं.

शंभरपटीचा घोळ आकडा ऐकताच कळला. ऑनलाइन पैसे वसूल करून देणाऱ्या आमच्या पेमेंट गेटवेला रक्कम पैशांत द्यावी लागते, दुकानाचे भाव रुपयांत. गिफ्ट बॉक्सचं नवं पान आम्ही आदल्या रात्रीच चढवलं होतं. पण कोड गो या प्रोग्रामिंगच्या भाषेतला, आणि रुपये नि पैसे असे दोन वेगळे टाइप, म्हणजे आकड्यांचे प्रकार, आम्ही याच भीतीने केले होते. मग कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरने रुपये पैशांच्या जागी जाऊच कसे दिले?

व्याख्या उघडली. दोन्ही ओळींत टाइपचं नाव आणि इंट६४ (गोचा पूर्णांकांचा तयार टाइप) यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह (=)! गो १.९ मध्ये, २०१७ साली, ही सोय आली, ती मोठ्या कोडमधले टाइप हळूहळू दुसऱ्या पॅकेजात, म्हणजे कोडच्या दुसऱ्या गठ्ठ्यात, हलवता यावेत म्हणून. चिन्ह असलं की नवा टाइप होत नाही, जुन्यालाच दुसरं नाव मिळतं. कंपायलरच्या लेखी रुपये, पैसे, इंट६४ सगळं एकच. चिन्ह नसेल तर, आतून दोन्ही इंट६४ असले तरी, एकाचं व्हेरिएबल दुसऱ्याला देता येत नाही. तो बदल तपासून पास केला होता मीच.

चिन्हं खोडून बिल्ड केलं, म्हणजे कोड कंपायलरला दिला. दहा चुका दाखवून, फार चुका आहेत म्हणत कंपायलर थांबला.

"दादा, सगळीकडे पैशांत कन्व्हर्ट करून टाकू?" ज्युनियरने विचारलं. मी घाईने थांबवलं तिला. बिल्ड झालं असतं, पण ११८० रुपयांचे ११८० पैसेच राहिले असते. कन्व्हर्जनने टाइप बदलतो, शंभराने गुणाकार होत नाही. मग गुणाकाराचं एकच फंक्शन लिहिलं आणि एकेक जागा दोघांनी मिळून पाहिली. बहुतेक निरुपद्रवी निघाल्या.

दोन वाजता बिल्ड पार पडलं. मन मानेना, म्हणून घरपोच ऑर्डर टाकून पाहिली: ११८० रुपये आणि वर ५० पैसे. डिलिव्हरीचे ५० कुणीतरी नुसता आकडा म्हणून लिहिले होते. अशा आकड्याला गोमध्ये ठरलेला टाइप नसतो, मावेल त्या पूर्णांकी टाइपात तो बसतो. कंपायलरला तिथे हरकत घ्यायला जागाच नव्हती.

५० चे ५००० केले, कमी पैसे आलेल्या ऑर्डरची यादी काढली, आणि मग नमकीनवाल्यांना फोन लावला.